कागदाला पोट देणारा चमचा

मी चमचा बोलतोय. हसून घ्या आधी. चमचा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे साहेबाची बॅग उचलून त्याच्या मागे धावणारा कुणीतरी येतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. आमच्याच हातून चहात साखर ढवळून घ्यायची आणि वर आमच्याच नावानं लाळघोट्यांना हाक मारायची, ही माणसांची रीत. मी जन्मात कुणाची हांजी हांजी केली नाही. उलट ज्या दिवशी चार शब्द बोलायला हवे होते, त्या दिवशीही मी गप्प राहिलो, कारण देवानं मला तोंडात जायला शिकवलं, तोंड दिलं नाही.

मी साधाच आहे. स्टीलचा, ना मोठा ना लहान, दांड्यावर पुसट झालेली एक वेल. पण मला पालथा करून बघा. माझ्या भावंडांच्या पाठी घासणीच्या ओरखड्यांनी भरल्यात. माझी पाठ आरशासारखी आहे. ती कुठल्या पावडरीनं झालेली नाही, कागदानं झाली आहे. उभं आयुष्य मी कागदावर पाठ घासली.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सपाट पत्र्यातून मला कापलं, ठशाखाली ठेवलं आणि एक दणका दिला. एका दणक्यात मला खोली आली. तेव्हा मला वाटलं होतं की जगात गोल होणं ही इतकी सोपी गोष्ट असते. पुढे कागद भेटला तेव्हा कळलं की काहींना गोलाई दणक्यानं येते आणि काहींना ती मिनतवारी करून, श्वास रोखून द्यावी लागते.

आम्ही सहा भावंडं एका खोक्यातून एका नव्या संसारात आलो. एकजण उष्ट्याबरोबर कचऱ्यात गेला, एकजण डब्याचं झाकण उघडताना कमरेत वाकला तो कायमचा. मी साखरेच्या डब्यात होतो. तिथंच माझं आयुष्य गोडीगुलाबीनं संपलं असतं, पण घरधनी कागदाचे गोळे करायचा.

त्याचा धंदाच तो होता. शाळांसाठी ग्रह, डोळ्यांच्या दवाखान्यासाठी हातात मावणार नाही एवढा डोळा, घरं बांधणाऱ्यांच्या नमुन्यांवरचे घुमट. चौकोनी घर कुणीही करतं हो; दुमड मारली की झालं. कागदाला गोल व्हायचंच नसतं, तिथं खरी परीक्षा. लोक त्याला गोळेवाले म्हणायचे. पण त्या सुरुवातीच्या दिवसांत त्याचे गोळे पाहून पोरंसोरंही हसत. नुसत्या कडा आणि कोपरे.

एकदा बायको चहा घेऊन आली आणि मागे उभी राहून बघत बसली.

"अहो, हा चंद्र आहे की ठेचलेला बटाटा?"

"मग तू करून दाखव," तो चिडून म्हणाला.

ती बाई चहा ढवळत होती, म्हणजे मी तिच्या हातात होतो. तिनं मला कपड्याला पुसलं, टेबलावरची एक फाक उचलून तळहातावर ठेवली आणि माझ्या पाठीनं हळूहळू घोळवायला लागली. संत्र्याची फोड असते ना, दोन्ही टोकांना निमुळती, मधे रुंद, तसे कागदाचे तुकडे जोडून गोळा होतो. त्यांना फाका म्हणतात. नवऱ्याच्या फाका सपाट होत्या, म्हणून गोळ्याला कोपरे यायचे. तिच्या हातातली फाक मात्र मधोमध खोल होत गेली आणि वाटीच्या कडेसारखी वळली.

"कागद झाला म्हणून काय झालं, त्याला पोट नको का? पोट आल्याशिवाय गोल कोण झालंय?" ती म्हणाली.

तेव्हापासून त्या घरात तो शब्द रुजला. फाकेला गोलाई आणणं म्हणजे पोट देणं. "पोट कमी पडलंय." "टोकाकडे पोट नको." "हिचं पोट छान बसलंय." आणि मी स्वयंपाकघरातून उठलो तो कामाच्या टेबलावर जाऊन बसलो. "घरातला एक चमचा कमी झाला," ती बाई पुढे कितीतरी वेळा म्हणायची, "बाहेर एवढे वाढलेत, एक कमी झाला तर बिघडलं कुठं?"

काम ऐकायला सोपं आहे. घडी केलेली कांबळी अंथरायची, फाक पालथी ठेवायची, तिच्यावर तोंडानं एक वाफ सोडायची. पाणी लावलं की कागद फुगतो आणि रुसतो. श्वासाची ओल पुरते. मग मला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायचं. टोकाला हलकं, मधे जड, पुन्हा हलकं. जोर जास्त झाला की सुरकुती पडते आणि ती मेल्याशिवाय जात नाही. कमी झाला की कडा जुळतात, पण गोळ्यावर हात फिरवला की जोड लागतो. फाका आतून पट्ट्या लावून खळीनं चिकटवायच्या, कापलेल्या कडांना आधीच रंग लावायचा, नाहीतर पांढरी रेघ दात विचकते.

शेवटची फाक सगळ्यांत वाईट. तोवर गोळा मिटत आलेला असतो, आत बोट जात नाही. दाबायचं कसं? तिथं माझा दांडा कामाला येतो. माथ्यावरच्या भोकातून मला उलटा आत सोडायचं आणि आतून जोड दाबायचा. मग भोकावर गोल टिकली लावली की गोळा पुरा झाला. कितीतरी चंद्रांच्या आत मी जाऊन आलोय. आत काही नसतं, अंधार असतो आणि खळीचा वास.

ती बाई गेली. आजारपण लांबलं नाही, एवढंच तिचं नशीब. गोळेवाले त्यानंतर बरेच दिवस मला हातात घेऊन नुसते बसत. एका कानानं ते आधीच कमी ऐकायचे, आता दुसराही कान मंदावला आणि त्यांचा आवाज वाढला. बहिऱ्या माणसाला वाटतं, आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कुणालाच येत नाही.

मुलाला या कामात रस नव्हता. तो मालाची गाडी चालवायचा, स्वभावानं चांगला, पण त्याच्या अंगठ्याखाली आलेला कागद जिवंत सुटत नसे. म्हाताऱ्यानं मनाशी ठरवलं होतं की आपल्याबरोबर हे काम संपणार.

मग सून आली. आल्यावर दोन-चार दिवसांतच ती टेबलापाशी येऊन उभी राहिली, तिच्या सासूसारखीच, मागे.

"बाबा, तुमच्या मंगळाची गालफडं बसलीत."

"उपाशी असेल."

"मग पोट द्या की त्याला!"

हा शब्द तिला नवऱ्यानं सांगितला असणार. पण म्हातारा असा वळला जणू कुणी मागच्या खोलीतून त्याला जुन्या नावानं हाक मारली. त्यांनी मला तिच्या हातात दिलं. तिनं फाक कांबळीवर ठेवली, वाफ सोडली आणि डोळे मिटले. डोळे मिटून ती मला फिरवत राहिली. चमच्याला हात कळतात. हा हात कागदाचं ऐकणारा होता.

"पोरी," म्हातारा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "उद्यापासून भांडी तुझ्या नवऱ्याला घासू दे."

ते आमचे सुखाचे दिवस. मी उगीच वाढवून सांगत नाही. सुख कसं दिसतं हे मला एवढंच ठाऊक आहे. एका टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं, मधे मी, इकडून तिकडे. "द्या हो चमचा." "घे गं, तोंडात घालू नकोस." तिच्या हातच्या गोळ्यावर म्हातारा गाल टेकवायचा आणि जोड कुठं लागतो का ते गालानं शोधायचा. लागायचा नाही. मग मुद्दाम म्हणायचा, "ठीक आहे. चालेल." ती फुरंगटून बसायची.

ती गरोदर राहिली तेव्हा तर विचारूच नका. घरात त्या एका शब्दाची नुसती उधळण होती. "पोरी, आता तू एका पोटाकडे बघ, बाकीची मी बघतो." ती म्हणायची, "बाबा, तुमच्यापेक्षा माझं जास्त गोल आलंय, टेकवा गाल!" आणि म्हातारा लाजून दुसऱ्या खोलीत निघून जायचा.

एका सकाळी ती खुर्चीतून उठली आणि टेबलाची कड धरून उभीच राहिली. मी तिच्या हातातून सुटून टेबलाखाली घरंगळत गेलो. वर काय झालं ते मला दिसलं नाही. धावपळ ऐकू आली, दार आपटलं, मुलाची गाडी सुरू झाली. मी तिथंच, धुळीत पडून राहिलो. ती दवाखान्यातून परत आली तेव्हा घरात तीन माणसं होती आणि आवाज एकाचाही नव्हता.

त्यानंतर म्हाताऱ्यानं एक गोष्ट केली, ती तुम्हाला नीट सांगायला हवी. सगळं तिथूनच फिरलं. त्यांनी तो शब्द घरातून काढून टाकला. बायकोचा शब्द, आयुष्यभर जिभेवर खेळलेला. सुनेसमोर ते "गोलाई" म्हणायला लागले. "गोलाई दे." "गोलाई कमी आहे." कधी चुकून "पो—" निघायचं, की लगेच खोकल्याचं सोंग. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. सुनेच्या जखमेवर चुकूनही बोट पडू नये म्हणून ते जपत होते. पण त्या मायेचं फळ असं आलं की त्या घरात "पोट" हा शब्द कागदाचा राहिलाच नाही. त्याला एकच अर्थ उरला, तिचा.

त्यात म्हाताऱ्याची बहीण, म्हणजे मुलाची आत्या, चार दिवस राहायला आली. आत्याबाईंची जीभ म्हणजे कात्री. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून भाच्याला म्हणाल्या, "तुझं अजून वय आहे बाबा. डॉक्टर काय म्हणतात ते विचारून घे, नाहीतर लोक दुसरी करतातच की." सून आत होती. नळ सुरू होता, तो तिनं ऐकता ऐकता बंद केला. मुलगा "आत्या, काहीतरीच काय!" म्हणाला, पण हळू म्हणाला.

संध्याकाळी म्हाताऱ्याच्या कानावर हे आलं तेव्हा त्यांनी बहिणीची पिशवी स्वतः भरली. "तुझी गाडी चुकायला नको," म्हणाले. आत्याबाईंनी बरीच आदळआपट केली. "माझ्या सुनेबद्दल या घरात पुन्हा एक अक्षर काढायचं नाही," असं म्हातारा ओरडला आणि ते पलीकडच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. फक्त सून तेवढी घरात नव्हती, औषधं आणायला गेली होती. नको ते तिनं ऐकलं, हवं ते ऐकायचं राहिलं.

मग चंद्राचं काम आलं. तारे दाखवतात त्या मोठ्या दालनात टांगायचा चंद्र, खाली मुलं उभी राहतील एवढा. सून पुन्हा टेबलाशी बसली. बोलायची कमी, पण हात परत आला होता. एवढ्या लांब फाकेला पोट देणं म्हणजे खेळ नव्हे. तिनं एकेक फाक अशी घडवली की म्हातारा गाल टेकवायचाही विसरला. एकदा तर ती हसली. म्हाताऱ्यानं मान वळवून डोळे पुसले, हे मी पाहिलं.

त्या दिवसांत हवा ओली होती. म्हातारा खिडकी लावायला विसरला. सकाळी येऊन बघतो तर खिडकीजवळची फाक मलूल होऊन सपाट पडलेली. ओल लागली की कागद आपलं पोट सोडतो. मी तिथंच टेबलावर होतो. त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "गाढवा, खिडकी कुणाच्या बापानं लावायची होती? पोरीनं जीव ओतला होता रे हिच्यात." हे मी ऐकलं. या कानांनी म्हणत नाही, मला कान नाहीत, पण ऐकलं.

सून आली, तिनं मला उचललं. माझ्यावर खळ वाळली होती, म्हणून धुवायला नळावर घेऊन गेली. फाक तिच्या नजरेला पडली नाही. म्हाताऱ्यानं ती गुंडाळून पाठीमागे धरली होती. ती गेल्यावर त्यांनी कागदवाल्याला फोन लावला. कागदवाला जुना माणूस, त्याच्याशी ते जुन्याच भाषेत बोलायचे.

आम्ही परत आलो तेव्हा दार अर्धं उघडं होतं. आत म्हातारा फोनवर ओरडत होता.

"अहो, पोट पडलं! पोट, पोट! पडलं! हयगय झाली, दुसरं काय! जपायला नको का? नाही हो, ती आता काही कामाची नाही. एकदा असं झालं की पुन्हा धरत नाही. टाकून द्यायची आणि दुसरी करायची. हो, हो, दुसरीच करायची. तेवढं बघा तुम्ही. सुनेला अजून बोललो नाही. मनाला लावून घेईल बिचारी."

तिच्या बोटांतलं रक्त माझ्या दांड्याला कळत होतं. आधी मुठीनं मला आवळलं, मग मूठ अशी सैल झाली की मी पडेन असं मला वाटलं. माझ्या टोकावरून पाणी ठिबकत होतं. मी पडलो असतो तर बरं झालं असतं. आवाज झाला असता, म्हातारा वळला असता, हातातली सपाट फाक तिला दिसली असती. पण तिनं पडू दिलं नाही. आयुष्यभर सवय झालेली, हातातली वस्तू सोडायची नाही.

फोन संपेपर्यंत ती बाहेरच थांबली. मग आत आली, मला माझ्या जागी ठेवलं. फाक तोवर कपाटामागे गेली होती.

"बाबा, चहा ठेवू?"

"ठेव, ठेव," म्हातारा म्हणाला. आवाजात नको इतका गोडवा होता, कारण तो खिडकीची चूक लपवत होता. तिला मात्र तो गोडवा वेगळा वाटला असणार.

तिनं कुणालाच काही विचारलं नाही. नवऱ्याला नाही, सासऱ्याला नाही. विचारलं असतं तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण असलं काही कुणी विचारतं का? विचारून "हो" म्हणाले तर? तिच्या हातानं मला धरणं बदललं. फाकेला सुरकुत्या पडायला लागल्या. एकदा कागद फाटला तेव्हा तिनं मला खाली ठेवलं आणि म्हणाली, "माझ्याच्यानं आता होत नाही."

मुलाला दुसऱ्या शहरात काम मिळत होतं. तो इतके दिवस तिच्यासाठीच थांबला होता. त्याला वाटलं, जागा बदलली की तिला बरं वाटेल. म्हाताऱ्यालाही तेच वाटलं. "जा," म्हणाले, "मी काय, माझे ग्रह आहेत सोबतीला." निघताना त्यांनी मला तिच्यापुढे धरलं. "हा घेऊन जा. हा आता तुझ्याच हाताचा आहे."

"राहू दे, बाबा. नवी येईल तिला लागेल."

म्हाताऱ्याला अर्धंच ऐकू आलं. त्यांना वाटलं, हाताखाली कामाला नवी मुलगी ठेवायचं म्हणतेय. "हं," ते म्हणाले, "बघू, कोण मिळतेय."

तिनं वाकून त्यांना नमस्कार केला आणि ती गेली. म्हातारा मला हातात धरून दारात उभा होता आणि रडत होता. तिनं मागे वळून बघितलं नाही.

चंद्र त्यांनी कसाबसा पुरा केला. जोड लागत होते. नेणाऱ्यांनी काही म्हटलं नाही, उंचावर टांगल्यावर कोण गाल टेकवतंय?

पुढे एकदा कागदवाला घरी आला. चहा पिता पिता हसत म्हणाला, "तुम्ही फोनवर काय ओरडता हो! मागे ते पोट पडलं, पोट पडलं म्हणालात ना, आमची बायको शेजारीच बसली होती. दचकलीच. कुणाच्या घरी असं झालं म्हणून दिवसभर मला विचारत होती. म्हटलं, अगं, कागदाचं!"

म्हातारा हसला. मग हसता हसता थांबला. कप तोंडाशी तसाच राहिला. मी समोर होतो, त्यांच्या चेहऱ्यावर एकेक शब्द परत येताना मी बघितला. पडलं. हयगय. कामाची नाही. दुसरी करायची. सुनेला बोललो नाही. आणि मग "नवी येईल तिला".

त्यांनी तेव्हाच फोन लावला. "पोरी, मी त्या दिवशी जे बोललो ना, ते कागदाचं होतं गं!" तिकडून ती काहीतरी म्हणाली. "काय? मोठ्यानं बोल!" ती पुन्हा म्हणाली, आणि ओरडण्याच्या भरात त्यांनी फोन कानापासून लांब धरलेला असल्यामुळे मला ऐकू आलं. "कागदाचं काम मी सोडलं, बाबा. तो विषय नको. तुम्ही जेवता ना वेळेवर?" म्हाताऱ्याला तेही ऐकू आलं नाही. "फाक गं, फाक!" ते ओरडत राहिले. फोन बंद झाला होता.

मग त्यांनी ठरवलं, फोन हे बहिऱ्याचं काम नव्हे, आपण स्वतः जायचं. एक लहान गोळा करायचा, शेवटची फाक मुद्दाम उघडी ठेवायची, आणि तिच्यासमोर बसून त्या फाकेला पोट द्यायचं. "तिच्या हातात देईन," ते मला सांगत होते, हो, मलाच, दुसरं होतं कोण! "आणि तोच शब्द म्हणेन. बघ पोरी, हे पोट. ओल लागली की हे पडतं. त्या दिवशी हेच पडलं होतं."

इतका सुंदर गोळा त्यांनी तरुणपणीही केला नव्हता. हात थरथरायचे, तर ते दंड टेबलाला बांधून घ्यायचे. शेवटची फाक कापून झाली. जायचा दिवस ठरला. आणि एका दुपारी माझ्या पाठीवरचा त्यांचा हात एकाएकी जड झाला, माझ्यासकट घसरला आणि ते खुर्चीतून खाली कलंडले. अर्धं अंग गेलं. वाचा गेली.

मुलगा आणि सून धावत आले. तिनं सगळं केलं. अंथरूण, औषध, पाणी. टेबलापाशी आली तेव्हा तिला तो गोळा दिसला, एका फाकेची जागा उघडी, शेजारी तीच फाक, अजून सपाट. सवयीनं तिनं फाक उचलली, बोटानं चाचपली.

"हिला अजून पो—" ती म्हणाली आणि थांबली. ओठ घट्ट मिटले. फाक जिथल्या तिथं ठेवली.

अर्धा शब्द राहिला हो! तो पुरा झाला असता तर कागदासाठी वापरलेला तो शब्द तिनं स्वतःच्याच कानांनी ऐकला असता. पण तिच्यासाठी तो शब्द आता विस्तव होता.

स्वयंपाकघरात चमचे सापडेनात, म्हणून तिनं मला उचललं, खळ धुतली आणि औषध ओतून म्हाताऱ्याच्या ओठांशी नेलं. कितीतरी वर्षांनी मी पुन्हा तोंडाजवळ आलो. म्हाताऱ्यानं मला ओळखलं. औषध गिळलं, पण मला दातांत धरून ठेवलं.

"सोडा, बाबा."

सोडलं. मग सगळा जोर लावून, तोंड वाकडं करून, त्यांनी बोलायचा प्रयत्न केला. "पो... पो..."

"पोट दुखतंय का, बाबा?" मुलानं विचारलं.

म्हाताऱ्यानं मान हलवली, नाही, नाही. "पो... प..." सुनेनं मला मागे घेतलं. तिला वाटलं, मरायला टेकले तरी यांच्या मनातून ते जात नाही.

तेव्हा म्हाताऱ्यानं चालत्या हातानं मला तिच्याकडून ओढून घेतलं. मला पालथं केलं आणि स्वतःच्या निर्जीव तळहातावर माझी पाठ घासायला लागले. टोकाला हलकं, मधे जड, पुन्हा हलकं. बायकोनं पहिल्यांदा केलं होतं तसंच, तळहातावर. आणि तिच्याकडे बघत राहिले. मी माझ्या परीनं जेवढं चकाकता येईल तेवढं चकाकलो. याहून जास्त मी काय करू शकत होतो?

सून त्या हाताकडे बघत होती. क्षणभर तिच्या कपाळाला आठी पडली, काहीतरी आठवतंय अशी. मग ती वाकली.

"औषध सांडलं वाटतं," असं म्हणून तिनं त्यांचा तळहात ओल्या फडक्यानं पुसला.

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. ते पुन्हा कुणाकडे बघायला उघडले नाहीत. दोन दिवसांनी ते गेले.

घर रिकामं झालं. गोळा खोक्यात होता, त्यावर पुस्तकं पडली. मी औषधांच्या पिशवीतून चुकून त्या दोघांच्या घरी आलो. आता मी पुन्हा साखरेच्या डब्यात आहे. ती मला रोज हातात घेते, कप ढवळते, कधी कधी माझी पाठ अंगठ्यानं चाचपते आणि मग मला आत टाकून झाकण लावते. नवरा चांगला आहे, घरात उजेड आहे, दुसरी कुणी आली नाही. पण ती जगते ती एका टाकलेल्या बाईसारखी, आणि जिनं आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही ती एका मेलेल्या म्हाताऱ्याला माफ करू शकत नाही. खरं काय ते आता मी एकटा जाणतो. कागदवाल्याला वाटतं, तो एक विनोद होता.

माझी पाठ हळूहळू ओरखड्यांनी भरत चालली आहे. थोड्या दिवसांनी मी इतर चमच्यांतून ओळखूही येणार नाही. म्हणून तुमच्याजवळ बोललो. तुम्ही माणसं आहात, तुम्हाला वाचा आहे. कुठं चहाला गेलात आणि घरची बाई साखर घालताना चमच्याची पाठ चाचपताना दिसली, तर थोडं थांबा. आधी तिच्या हातातलं सगळं खाली ठेवायला सांगा. मग म्हणा, त्या दिवशी फोनवर कागदवाला होता. खिडकी म्हाताऱ्यानंच उघडी टाकली होती. आणि जी कामाची नाही म्हणाले, जी टाकून द्यायची म्हणाले, ती फाक होती, बाई. ती फाक होती.